इन्क्लूडचा पत्ता कुठून मोजायचा?

एक्सएमएल फाइलीत फक्त माहिती असते; ती पडद्यावर कशी दिसावी, हे एक्सएसएलटीची स्टाइलशीट ठरवते. एक्सएमएलचे प्रमाण फेब्रुवारी 1998 मध्ये ठरले. त्यामागून 16 नोव्हेंबर 1999 रोजी जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेले एक्सएसएलटी 1.0 आले. मोठी स्टाइलशीट तुकड्यांत लिहून ‘इन्क्लूड’ किंवा ‘इम्पोर्ट’ने जोडण्याची सोय त्यात होतीच, आणि तुकड्याचा अर्धवट पत्ता कुठून मोजायचा हेही सांगितले होते: इन्क्लूडची ओळ ज्या फाइलीत आहे, तिच्या जागेपासून.

समजा, अचलपूरच्या कापसाचे आकडे ‘अमरावती/अचलपूर/कापूस.एक्सएमएल’मध्ये आहेत आणि मांडणी ‘साचे/मुख्य.एक्सएसएल’मध्ये. मुख्य फाइलीत नुसते ‘भाग/तक्ता.एक्सएसएल’ लिहिले असेल, तर ब्राउझर ‘साचे/भाग’मध्ये शोधतो, अचलपूरच्या फोल्डरकडे पाहतही नाही. त्यामुळे धारणी असो की दर्यापूर, जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांना एकच साचा पुरतो. हा नियम फार शहाणपणाचा आहे. मजकूर तुकड्यांत विभागला तरी मूळ जागा विसरायची नाही, ही शिस्त याच जिल्ह्यातले ऋद्धपूर ज्यांचे तीर्थ, त्या महानुभाव पंथीयांना जुनीच. पंथातल्या केसोबासांनी ‘लीळाचरित्र’ या ग्रंथातून सूत्रे वेगळी काढली. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले, हे ‘प्रकरणवश’ ग्रंथांनी नोंदवले. अर्थ लावायचा तो मूळ प्रसंगावरून.

एक्सएमएलचे पानात रूपांतर जावास्क्रिप्टमधून करायची पद्धत रूढ झाली, तसा पत्त्यांचा घोळ वाढला. स्टाइलशीट मजकूर म्हणून वाचून डोमपार्सरला, म्हणजे मजकुरापासून दस्तऐवज बनवणाऱ्या ब्राउझरमधल्या साधनाला, दिली, की तिचा स्वतःचा पत्ता हरवतो आणि तिला वेबपानाचा पत्ता चिकटतो. मग ‘भाग/तक्ता’ पानाच्या फोल्डरमध्ये शोधला जातो आणि सापडत नाही. क्रोममध्ये तर जावास्क्रिप्टने दिलेल्या स्टाइलशीटमधले इन्क्लूड दीर्घकाळ चालतच नसे. पुढे सुरक्षेची बंधनेही आली: 2019 मध्ये फायरफॉक्स 68 ने संगणकावरच्या प्रत्येक फाइलीला स्वतंत्र स्रोत मानले, आणि घरी डबल-क्लिक करून उघडलेली पाने शेजारच्या फाइलीतली स्टाइलशीट घेईनाशी झाली.

पत्त्याच्या घोळावर सोपे उपाय दोन: पत्ता मुळापासून पूर्ण लिहिणे, किंवा सर्व तुकडे आधीच एका फाइलीत जोडून ठेवणे. 2025 मध्ये क्रोमने एक्सएसएलटी ब्राउझरमधून काढण्याचा इरादा जाहीर केला. ज्यांच्याकडे अशी जुनी पाने आहेत, त्यांनी हे रूपांतर आताच सर्व्हरवर हलवावे.