महाराष्ट्रातील व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षण

व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षण म्हणजे वेतन घेऊन विमान चालवण्यास आवश्यक असणारा व्यावसायिक वैमानिक परवाना (रूढ नाव 'सीपीएल') मिळवण्यासाठी घेतले जाणारे शिक्षण होय. भारतात हे शिक्षण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता असलेल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांतून दिले जाते. महाराष्ट्रात धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया इत्यादी ठिकाणी अशा संस्थांचे तळ आहेत. हे शिक्षण खर्चिक असून संस्थेच्या निवडीवर त्याचा कालावधी, खर्च आणि सुरक्षितता बऱ्याच अंशी अवलंबून असते.

इतिहास

मुंबईतील जुहू विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब या दोहोंची स्थापना १९२८ साली झाली. जे.आर.डी. टाटा यांनी याच क्लबमध्ये शिक्षण घेतले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मानला जातो. पुढे मुंबईच्या आकाशातील प्रवासी विमानांची वर्दळ वाढली. जुहू हे मुख्य विमानतळाच्या अगदी जवळ असल्याने शिकाऊ विमानांना तेथे मोकळीक उरली नाही व क्लबचे उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला हलवण्यात आले.

केंद्र शासनाने १९८५ साली उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी स्थापन केली. तेथील प्रवेश अखिल भारतीय परीक्षेद्वारे होतात. गोंदियाजवळील बिरसी विमानतळावर भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि सीएई या कॅनडातील कंपनीच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. २०२१ मध्ये प्राधिकरणाने नव्या संस्थांसाठी जागा देऊ केलेल्या विमानतळांत जळगाव व बेळगाव यांचा समावेश होता. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने ३४ प्रशिक्षण विमानांची संस्था उभारण्याचे जाहीर केले आहे.

भौगोलिक वितरण

राज्यातील बहुतेक तळ खानदेश, पश्चिम महाराष्ट्राचा पर्जन्यछायेचा भाग आणि विदर्भ येथे आहेत. कोकणात पावसाळ्यात ढगांची उंची व दृश्यमानता अनेकदा शिकाऊ उड्डाणास पुरेशी नसते. बारामतीसारख्या कमी पावसाच्या प्रदेशात उड्डाणाचे दिवस अधिक मिळतात. विदर्भ व खानदेशात उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होऊन लहान विमानाची क्षमता घटते. त्यामुळे उड्डाणे सकाळी व सायंकाळी घेण्याकडे कल असतो.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी, कल्याण, उल्हासनगर या शहरांतील विद्यार्थ्यांना याचा थेट परिणाम जाणवतो. लेखी विषयांची शिकवणी मुंबई परिसरात मिळू शकते, परंतु उड्डाणासाठी घर सोडून राहावे लागते. भिवंडीजवळून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग धुळे शहरातून पुढे जात असल्याने धुळे व शिरपूर हे तळ तेथील विद्यार्थ्यांना रस्त्याने सोयीचे पडतात.

पात्रता व परवान्याच्या अटी

उमेदवार भौतिकशास्त्र व गणित या विषयांसह बारावी उत्तीर्ण असावा, ही अट दीर्घकाळ रूढ आहे. परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे असून विद्यार्थी वैमानिक परवाना १६ व्या वर्षापासून मिळू शकतो. एकूण २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास उमेदवार स्वतः विमानप्रमुख असावा लागतो व त्यांतील २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या उड्डाणांचे असतात. यांत किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास करावा लागतो. रात्रीचे उड्डाण आणि केवळ उपकरणांच्या आधारे करायचे उड्डाण यांचेही तास ठरलेले आहेत.

लेखी परीक्षेत हवाई नियम, हवाई मार्गनिर्देशन, विमानोड्डाण हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषय असतात. प्रत्येक विषयात ७० टक्के गुण आवश्यक असतात. रेडिओ संभाषणाची परीक्षा वेगळी असते. ती पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अन्वये हे काम महासंचालनालयाकडे देण्यात आले.

वैद्यकीय तपासणीचे दोन टप्पे आहेत. शिक्षणाच्या प्रारंभी दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र चालते, पण व्यावसायिक परवान्यासाठी पहिल्या वर्गाचे लागते. चष्मा असणे ही आपोआप अपात्रता नाही, मात्र रंग ओळखण्यातील दोष अडथळा ठरू शकतो. यामुळे मोठे शुल्क भरण्यापूर्वीच पहिल्या वर्गाची तपासणी करून घेणे हिताचे समजले जाते.

संस्थेच्या निवडीचे निकष

विमाने आणि विद्यार्थी यांचे प्रमाण: संस्थेच्या माहितीपत्रकात विमानांची एकूण संख्या दिलेली असते, परंतु दुरुस्तीसाठी उभी असलेली विमानेही त्यात मोजलेली असू शकतात. प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानांची संख्या हा खरा निकष होय. उदाहरणार्थ, एक विमान महिन्याला ८० तास उडत असेल आणि त्यावर ४ विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाला २० तास मिळून २०० तास १० महिन्यांत पूर्ण होतात. त्याच विमानावर १० विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८ तास येतात व तेच शिक्षण २५ महिने चालते. या अवधीत वसतिगृह, भोजन व कर्जाचे व्याज यांचा खर्च चालूच राहतो. म्हणून कमी शुल्काची संस्था अंती महाग पडू शकते.

प्रशिक्षक व देखभाल: विमाने असूनही पुरेसे प्रशिक्षक नसल्यास उड्डाणे रखडतात. पूर्णवेळ प्रशिक्षकांची संख्या, देखभालीची सोय तळावरच आहे किंवा कसे, आणि दोन इंजिनांचे विमान उपलब्ध आहे का, हे मुद्दे महत्त्वाचे असतात.

विमानतळाचे स्वरूप: हवाई वाहतूक नियंत्रण असलेल्या विमानतळावर विद्यार्थ्याला रेडिओ संभाषणाचा सराव आपोआप घडतो, मात्र प्रवासी विमानांसाठी थांबावे लागते. लहान धावपट्टीवर प्रतीक्षा कमी असते, पण तो सराव अन्यत्र मिळवावा लागतो.

सुरक्षितता व नोंदी: ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेच्या दोन प्रशिक्षण विमानांना काही दिवसांच्या अंतराने अपघात झाले. त्यानंतर महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ स्थगित केले. अशा कारवाईत विद्यार्थ्यांचे तासही थांबतात. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर देशातील उड्डाण संस्थांची तपासणी झाली होती. न उडालेले तास नोंदवहीत दाखवणे हा गुन्हा असून तो परवान्यालाच बाधक ठरतो.

श्रेणी: महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवार यादी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पहिल्या यादीत एकाही संस्थेला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही.

खर्च व कर्ज

भारतात परवान्यापर्यंतचा खर्च साधारणपणे ४० ते ६० लाख रुपयांच्या घरात जातो. प्रवासी विमान कंपनीत काम करण्यासाठी एअरबस ए-३२० सारख्या विशिष्ट विमानाचे 'टाइप रेटिंग' वेगळे करावे लागते व त्याचा खर्च बहुधा निराळा असतो. भारतीय बँक संघाच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांवरील कर्जास मूर्त तारण अपेक्षित असते. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबांत राहते घर, शेती, किंवा भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात मागाचा गाळा तारण ठेवण्याची वेळ येते.

शुल्क एकरकमी न भरता पूर्ण झालेल्या तासांच्या प्रमाणात हप्त्यांनी भरणे अधिक सुरक्षित असते. जादा तासांचा दर, परतावा आणि शिक्षण लांबल्यास संस्थेची जबाबदारी या बाबी करारात लेखी असणे आवश्यक ठरते.

परदेशातील प्रशिक्षण

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आदी देशांत भारतीय विद्यार्थी शिकतात. तेथील परवाना भारतात वापरण्यासाठी त्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करावे लागते. त्यासाठी महासंचालनालयाच्या परीक्षा आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी टळत नाही. विनिमय दरातील बदलांमुळे ठरलेला खर्च वाढू शकतो.

रोजगार

परवाना म्हणजे नोकरीची हमी नव्हे. २०१२ साली किंगफिशर एअरलाइन्स आणि एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज यांची उड्डाणे बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकही नोकरीच्या शोधात उतरले व नवपरवानाधारकांची प्रतीक्षा लांबली. काही विमान कंपन्या ठरावीक संस्थांच्या सहकार्याने 'कॅडेट' योजना चालवतात. त्यांत निवड आधी होते, पण शुल्क अधिक असते आणि नियुक्ती करारातील अटींवर अवलंबून राहते.

हे सुद्धा पहा

जुहू विमानतळ
जे.आर.डी. टाटा
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय
बारामती विमानतळ
भिवंडी