न विझणारा तंतु

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. जिल्ह्यांत असंख्य छपरें उडालीं, कौलें व पत्रे फुटले. पोलादपूर तालुक्यांतील कापडे गांवीं कोणाच्या घरावर वा गोठ्यावर जुना सिमेंटचा पत्रा असेल, तर त्याचा इतिहास त्यानें अवश्य जाणावा.

‘अ‍ॅस्बेस्टॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ न विझणारें. हा खनिज तंतु सिमेंटमध्यें मिसळून पत्रे करण्याच्या कृतीचें पेटंट ऑस्ट्रियांतील लुडविग हाचेक यांनीं १९०१ सालीं घेतलें. पुढें १९२४ सालीं इंग्लंडांत अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणींत राबणारी नेली कर्शॉ फुफ्फुसांत हाच तंतु रुतून मरण पावली. तेथें १९३१ सालीं धुळीविरुद्ध नियम झाले. संपूर्ण बंदी यावयास १९९९ साल उजाडलें. आपल्याकडे असे पत्रे अद्यापि बनतात. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिलेला आरोग्य-तपासणीचा आदेश कामगारांसाठीं होता, छपराखालीं राहणारांसाठीं नव्हे.

पत्र्यांत हा तंतु आहे कीं नाहीं, हें नुसत्या डोळ्यांनीं ठरत नाहीं. प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शकाखालींच त्याची ओळख पटते. अखंड पत्र्यापासून धोका थोडा, फुटलेल्यापासून अधिक. म्हणून संशय असेल तो पत्रा करवतीनें कापूं नये. तुकडे ओले करूनच उचलावे, आणि मुलांना त्यांपासून दूर ठेवावें.