लेंडीची वहिवाट

नाशिकात गंगापूर रस्त्यावरच्या किंवा इंदिरानगरातल्या सदनिकांतून अलीकडे जे ससे पाळले जातात, त्यांच्या धन्यांची मुख्य फिर्याद अशी की, कोपऱ्यात लिटर ट्रे मांडून, त्यात कागदाचे कपटे अंथरून आणि प्राण्याला दहादा उचलून त्यात बसवूनही हा गृहस्थ आपले दप्तर दिवाणाखालीच उघडतो. प्रौढ ससा दिवसाकाठी 200 ते 300 लेंड्या टाकतो. त्या कोरड्या आणि जवळजवळ निर्गंध असल्यामुळे केरसुणीने आवरतात, परंतु मूत्राचा दर्प फरशीच्या सांध्यांत मुरला म्हणजे घरात बेदखलीचा हुकूम निघायला वेळ लागत नाही. ज्या जिल्ह्यात मेंढीच्या लेंडीसाठी शेतकरी पदरचे धान्य मोजीत असे, त्याच जिल्ह्याच्या शहरात लेंडी ही तक्रारीची बाब व्हावी, हा पालट पाहण्याजोगा आहे.

प्रथम आरोपीची वंशावळ. सिन्नर-येवल्याच्या माळावर दिसणारा आपला ससा आणि हा घरातला ससा ही दोन निराळी कुळे होत. माळावरचा बीळ खणीत नाही, झुडपाआड उघड्यावर दबून बसतो. त्याची पिले अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पकडण्याची आता कोणास मुभा उरलेली नाही. घरातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार व्हॅरो याने भिंतीच्या आवारात ससे पोसण्याची रीत सांगताना स्पेनमधल्या या बीळवासी सशाचाही उल्लेख केला आहे. पुढे मांसासाठी व कातड्यासाठी तो खुराड्यांतून वाढवला गेला. दिवाणखान्यात मोकळे वावरण्याचा अधिकार त्याला फारच उशिरा मिळाला, इतका की त्या राहणीचे मार्गदर्शक पुस्तक मारिनेल हॅरिमनबाईंनी लिहिले ते 1985 मध्ये आणि त्या राहणीचा पुरस्कार करणारी हाऊस रॅबिट सोसायटी कॅलिफोर्नियात निघाली ती 1988 मध्ये.

बिळांतून समूहाने राहणारा हा प्राणी ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालतो, आणि गुदग्रंथींच्या गंधाने माखलेले ते ढीग शेजारच्या कळपाला हद्द दाखवतात. म्हणजे आपण जिला घाण म्हणतो, ती त्याच्या लेखी सातबाराचा उतारा असते. म्हणूनच वयात आलेला, नसबंदी न झालेला नर घरभर खुणा करीत सुटतो, आणि नवा ससा घरात आला किंवा सामान हलले की सुधारलेला प्राणीही पुन्हा जुन्या वळणावर जातो. जाणकारांचा उपाय साधा आहे: त्याने स्वतः निवडलेल्या कोपऱ्यातच ट्रे ठेवावा आणि त्याच्या कडेला वाळले गवत भरावे, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. ओरडण्याने तो जागा शिकत नाही, माणसाला भिण्यास मात्र शिकतो.

मेंढीला तर जागा शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. ती रात्र काढील तेथे तिची लेंडी पडणार, हे ओळखून आपल्या धनगरांनी व कुणब्यांनी जनावराऐवजी मुक्कामच हलवण्याची वहिवाट घातली. खरिपाचे पीक निघून रान मोकळे झाले की कळप घेऊन फिरणाऱ्या धनगराला शेतात मेंढरे बसवण्याचे आमंत्रण येई. दिवसा मेंढ्या धसकटांवर आणि बांधांच्या गवतावर चरत, सायंकाळी वाघरीच्या जाळ्यात कोंडल्या जात, आणि पुढल्या मुक्कामी वाघर काही हात सरके. असे करता करता सबंध वावर लेंडीने झाकले जाई. मोबदला बाजरी-ज्वारीच्या रूपाने मिळे, कालांतराने रोखही मिळू लागला. या रीतीचे मर्म केवळ लेंडीत नाही. उकिरड्यावर पडलेल्या खतातले पुष्कळसे नत्र हवेत उडून किंवा पावसाने वाहून जाते. येथे मूत्र थेट मातीत मुरे, वाहतुकीचा खर्च शून्य, आणि गाडी जेथे पोचत नाही त्या चढावरच्या तुकड्यालाही खत मिळे. मराठेशाहीच्या जमाबंदीत कळपांवर वनचराईची पट्टी बसे. सरकारला कळपाने खाल्लेले गवत दिसे, रयतेला त्याने टाकलेले खत दिसे. माझ्या मते दोहोंपैकी रयतेचा हिशेब अधिक पक्का होता.

ही वहिवाट एका दिवसात मोडली नाही. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलांतली चराई आवळली. मग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि 1916 मध्ये पुरे झालेले दारणा धरण यांच्या पाटपाण्याने निफाडकडची जमीन बारमाही पिकाखाली येऊ लागली, आणि हिवाळ्यात मोकळे रानच उरेना. 1925 च्या सुमारास ओझरला द्राक्षाची लागवड सुरू झाली. द्राक्षबागेत कळप शिरणे म्हणजे पालवीचा फडशा. तेव्हा बागाईतदाराने युक्ती काढली: मेंढी बांधाबाहेर, लेंडी मात्र ट्रॉलीने आत. आजही निफाड-दिंडोरीत लेंडीखताला भाव आहे. ते टाकणारे जनावर मात्र बागेला परके झाले.

होळकरांच्या इंदुरात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कुजवणीचे जे प्रयोग केले आणि 1931 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यांत गोठ्यातले अंथरण आणि मूत्राने भिजलेली माती ही टाकाऊ न मानता मुख्य द्रव्य धरली होती. सशाच्या ट्रेलाही हाच न्याय लागू पडतो. सशाची लेंडी कोंबडखतासारखी उष्ण नसते, त्यामुळे ती न कुजवता कुंडीत घातली तरी मुळे जळत नाहीत. कागद आणि उष्टे गवत तिच्याबरोबर मुरते. फक्त मांजरासाठी विकली जाणारी, ओलीने गोळा होणारी माती ट्रेत नसावी. ससा ती चाखतो आणि त्याचे आतडे तुंबते. ज्यांच्या गॅलरीत कुंडी नाही, त्यांची लेंडी ओल्या कचऱ्यातून सकाळच्या घंटागाडीत पडते आणि पांडवलेण्यांजवळच्या पाथर्डी शिवारात, महापालिकेच्या खतप्रकल्पावर जाते.