चाकांवरचं घर: सहल कुणाची, गुन्हा कुणाचा?

सुट्टी आणि प्रवास यांच्या इतिहासावर आपण बोलतो आहोत, त्यात आज रस्त्यावर उतरू. विषय आहे कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीच्या मागे ओढून न्यायचं छोटं घर. आणि तिचं भावंड मोटरहोम, ज्यात गाडी आणि घर एकच. ऐकायला विषय हलकाफुलका आहे. पण तो नीट पाहिला तर एका जड प्रश्नापाशी जातो: रस्त्याच्या कडेला थांबायचा हक्क कुणाला?

सुरुवात एका साध्या चित्रानं करू. इंग्लंडमधलं एखादं शेत, शुक्रवारची संध्याकाळ. एक निवृत्त जोडपं मोटारीमागे कॅराव्हॅन घेऊन येतं. पहिलं काम गाडी समतल करण्याचं. एका चाकाखाली पाचर सरकवायची, आत पाणसळ ठेवून बघायचं, मग चारी कोपऱ्यांचे पाय फिरवून जमिनीला टेकवायचे. नंतर पाण्याचं पिंप गवतावरून लोळवत नळापर्यंत न्यायचं, भरून आणायचं. सांडपाण्यासाठी वेगळी टाकी लावायची. शौचकूपाची पेटी दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी स्वतः रिकामी करायची. एवढं झालं की गॅसवर चहाचं आधण, आणि बाहेर दोन घडीच्या खुर्च्या. शेजारचा गाडीवाला हात करतो, हवेची चौकशी होते. झाली सहल सुरू.

आता आपण विचारू, की घरी तोटी फिरवली की पाणी येतं, ते सोडून माणूस सुट्टीत पाणी भरायला का जातो? उत्तर असं, की आपल्या मर्जीनं केलेलं काम हे काम राहत नाही, त्याची मौज होते. पण हेच पाणी दुसरं कुणीतरी रोज भरत होतं, आणि त्याला त्याची मौज वाटत नव्हती. म्हणून या चाकांवरच्या घराचे इतिहास दोन आहेत. दोन्ही एकाच रस्त्यानं चालतात.

पहिला इतिहास रोमानी लोकांचा, ज्यांना इंग्रजीत 'जिप्सी' म्हटलं गेलं. यांचे पूर्वज भारतातून गेले हे भाषेवरून सिद्ध झालेलं आहे. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाक', केसाला 'बाल'. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये दिसू लागले. १५३० मध्येच त्यांना हाकलण्याचा कायदा झाला आणि १५५४ मध्ये देशात महिनाभराहून जास्त राहिल्यास देहदंड, इथवर मजल गेली. तो कायदा पुढे रद्द झाला. लाकडी, रंगवलेली, आत चूल असलेली घोडागाडी, जिला ते 'वार्डो' म्हणतात, ती त्यांच्याकडे बरीच उशिरा, एकोणिसाव्या शतकात आली. त्याआधी पालं होती. शेतावरची हंगामी कामं, घोड्यांचा व्यापार, भांडी दुरुस्ती, यावर पोट. गाव बदलायचं ते काम बदलायचं म्हणून.

दुसरा इतिहास १८८५ मध्ये सुरू होतो, आणि त्याचा नायक आहे डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स. हे आरमारातले निवृत्त शल्यचिकित्सक, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी ब्रिस्टलच्या एका नामांकित वॅगन कारखान्यात स्वतःसाठी गाडी बांधून घेतली. नाव 'वाँडरर'. लांबी सुमारे १८ फूट, वजन जवळजवळ दोन टन, आत उंची लाकडाचं काम, पुस्तकांचं कपाट. ओढायला दोन घोडे, हाकायला गाडीवान, आणि सोबत एक नोकर, जो तिचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता बघून यायचा. एक कुत्रा आणि एक काकाकुवाही बरोबर होते. अशा थाटात डॉक्टरसाहेब इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून निघाले ते थेट स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत. १३०० मैलांच्या या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते गाजलं. अशा हौशी लोकांना पुढे 'जंटलमन जिप्सी' म्हणू लागले. जंटलमन हा शब्द आवर्जून लावावा लागला, हे लक्षात ठेवा. त्या एका शब्दात सगळा भेद आला.

आता गंमत बघा. याच सुमारास, म्हणजे १८८० च्या दशकाच्या मध्याला, जॉर्ज स्मिथ नावाचे एक समाजसुधारक संसदेत विधेयक यावं म्हणून धडपडत होते. चालत्या घरांची नोंदणी करा, आत शिरून तपासणी करा, त्यातल्या मुलांना शाळेत घाला, अशी त्यांची मागणी. हेतू अगदीच वाईट म्हणता येणार नाही. वीटभट्ट्यांवरच्या आणि कालव्यातल्या नावांवरच्या मुलांसाठी या माणसानं खरंच काम केलं होतं. पण एकाच काळात, एकाच प्रकारच्या गाडीबद्दल, स्टेबल्स लिहितात की यात आरोग्य आहे, आणि स्मिथ म्हणतात की यात घाण आणि अनीती आहे. गाडी तीच, आत कोण बसलंय ते वेगळं. स्मिथ यांचं विधेयक पुन्हापुन्हा मांडलं गेलं आणि पडलं. त्याला विरोध करायला जत्रेतल्या खेळवाल्यांनी १८८९ मध्ये आपली संघटना उभी केली, हा त्यातला फायदा.

१९०७ मध्ये जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकारानं मूठभर हौशी मंडळींनी लंडनमध्ये कॅराव्हॅन क्लब काढला. स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धानंतर घोडा गेला, मोटार आली. १९१९ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीनं मोटारीमागे जोडायची कॅराव्हॅन विक्रीसाठी बनवायला घेतली. १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला आणि सुट्टी ही श्रीमंतांपुरती राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम आल्पर यांनी 'स्प्राइट' नावाच्या स्वस्त, हलक्या कॅराव्हॅन काढल्या, ज्या छोट्या मोटारीलाही ओढता येत. याच आल्पर यांनी १९५८ मध्ये रेडिंग इथे रस्त्यालगतचं एक चिमुकलं उपाहारगृह उघडलं, ज्यात बसायला जागा ११. 'लिटल शेफ' ही प्रसिद्ध साखळी त्यातून निघाली. थोडक्यात काय, तर कारकून, शिक्षक, कारागीर आता सहकुटुंब बाहेर पडू शकत होते. ही चांगलीच गोष्ट झाली, त्यात वाद नाही.

पण रस्त्यावर आता तिसरी मंडळीही होती. युद्धानंतर घरांचा तुटवडा एवढा, की अनेक तरुण जोडपी कॅराव्हॅनमध्येच संसार करत. सरकारनं सर आर्टन विल्सन यांना चौकशीला बसवलं. त्यांच्या १९५९ च्या अहवालानुसार सुमारे दीड लाख माणसं कॅराव्हॅनमध्ये कायमची राहत होती. अहवालानंतर १९६० चा कायदा आला. जमिनीवर कॅराव्हॅन ठेवायची तर परवाना हवा, हे त्याचं सूत्र.

इथे आपण जरा थांबू, कारण कळीचा मुद्दा हाच आहे. कायदा सगळ्यांना सारखा, पण त्यात काही सवलती होत्या. मान्यताप्राप्त क्लबना सूट मिळाली: त्यांनी पसंत केलेल्या शेतात एका वेळी ५ कॅराव्हॅन परवान्याशिवाय उभ्या राहू शकतात. आपण सुरुवातीला जे शेत पाहिलं ते असंच. एक नळ, सांडपाण्याची सोय, बाकी गवत आणि शांतता. दुसरीकडे ग्रामीण जिल्हा परिषदांना सामायिक गायरानांवर कॅराव्हॅन आणायला मनाई करण्याचा अधिकार मिळाला. आणि त्याच्या एकच वर्ष आधी, १९५९ च्या महामार्ग कायद्यात, सार्वजनिक रस्त्यावर तळ ठोकणं हा गुन्हा ठरवताना 'फेरीवाला, फिरता व्यापारी किंवा जिप्सी' असे शब्द घातले होते. म्हणजे गुन्हा कृतीचा नव्हता, माणसाचा होता.

पिढ्यानपिढ्यांचे थांबे असे एकेक करून बंद झाले. मग १९६८ मध्ये उदारमतवादी खासदार एरिक लबक यांच्या विधेयकातून नवा कायदा झाला. स्थानिक संस्थांनी जिप्सींसाठी तळ बांधावेत, हे त्यांचं कर्तव्य ठरलं. मात्र पुरेशी सोय झाली असं सरकारनं जाहीर केलेल्या भागात इतरत्र थांबणं गुन्हा. जागा दिली, त्याच हातानं कुंपणही घातलं. १९९४ मध्ये जागा देण्याचं ते कर्तव्य काढून टाकलं गेलं, पोलिसांचे अधिकार वाढले. २०२२ च्या कायद्यानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं: परवानगीविना जमिनीवर गाडीत राहणं, त्यातून मोठं नुकसान किंवा त्रास होणं आणि सांगूनही न निघणं, यासाठी तुरुंगवास, शिवाय गाडी जप्त. सहलीला आलेल्याची गाडी जप्त झाली तर त्याची सुट्टी बुडते. दुसऱ्याचं घर जातं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आम्हांला तसं वाटत नाही. ज्या इंग्रजांनी तिकडे हे केलं, त्यांनीच १८७१ मध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती आपल्या लोकांनी भोगल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. आजही घिसाड्याचं बिऱ्हाड गावाबाहेर उतरलं की लोक आधी आपल्या कोंबड्या मोजतात. आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. चांगलं आहे, लोकांनी फिरावं. पण पर्यटकाच्या मोटरहोमला वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेला तळ हवा हे आपल्याला चटकन पटतं. पालात राहणाऱ्या माणसालाही नेमकं तेच हवं आहे, हे पटायला इतका वेळ का लागावा?

चाकांवरच्या घराचा इतिहास पाहिल्यावर आम्हांला एकच गोष्ट दिसते. सहल ही चाकांमुळे सहल होत नाही. मागे ठेवून आलेल्या पत्त्यामुळे होते. ज्याला रविवारी परतायला घर आहे त्याचं थांबणं म्हणजे विश्रांती. ज्याचं घर तेच आहे त्याचं थांबणं म्हणजे अतिक्रमण. आपण कुणाच्या खुर्चीवर बसून चहा पितो आहोत, एवढं जरी पुढच्या सहलीत आठवलं, तरी आजचा तास सत्कारणी लागला असं आम्ही समजू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.