गाडीतलं गाणं: कॅसेट ते एमपीथ्री

गाडीत हवं ते गाणं लावायची हौस तशी जुनीच. १९५६ साली क्रायस्लरने गाडीत चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला होता! मग कॅसेट आली १९६३ मध्ये, सीडी १९८२ मध्ये. पण खरी क्रांती जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेची. कानाला तसाही ऐकू न येणारा भाग गाळायचा, की फाईल साधारण अकरा पट लहान. १९९५ मध्ये तिला 'एमपीथ्री' हे नाव मिळालं. ७०० एमबीच्या सीडीवर एरवी ८० मिनिटं गाणी, एमपीथ्री मात्र बारा तास! म्हणजे गीतरामायणाची ५६ गाणी एकाच तबकडीत, वर नाट्यगीतांना जागा शिल्लक.

पण फाईल आणायची कुठून? नॅप्स्टर १९९९ मध्ये आलं, २००१ मध्ये कोर्टापायी बंद पडलं. फुकट होतं खरं, पण गाणाऱ्याला दमडी मिळत नव्हती. २००३ पासून आयट्यून्सवर ९९ सेंटला गाणं मिळू लागलं, पण कुलूप लावलेलं. गाडीतल्या एमपीथ्री प्लेअरवर ती फाईल चालायची नाही. ते कुलूप निघालं २००९ मध्ये.

तोवर आम्ही मंडळी भारतातून आणलेल्या कॅसेट्स कॉम्प्युटरला जोडून स्वतःच एमपीथ्री करत होतो. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागायची, तिथे घाई चालत नाही. मागच्या सीटवरच्या पोरांच्या कानावर घराबाहेर मराठी पडायचं, ते बहुतेक त्यातूनच.