संच गावाचा, फोन बापाचा

शाळेत पडदा आला तो मोबाइलच्या कितीतरी आधी. १ ऑगस्ट १९७५ला ‘साइट’ प्रयोग सुरू झाला. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोचला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. कोंबड्यांच्या जाळीची दहा फुटी छत्री, सकाळी मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांचे. संच मात्र साऱ्या गावाचा. वर्ष सरलं, उपग्रह गेला.

आपल्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आला, त्यामागे परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींची खटपट होती. हा चौकोन मुळात १९९४ला जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला निघालेला! पुस्तक फुकट मिळे. कोड वाचणारा फोन ज्याचा त्यानं आणायचा.

२०२०मध्ये मी चौथीला धडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होतो. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, बाप दिवसभर कामावर. गृहपाठाचे फोटो रात्री दहानंतर यायचे, बल्बच्या पिवळ्या उजेडातले. दुपारीच निळी टिक दिसली की मी हजेरी मांडायचो. धडा पोरीनं पाहिला की बापानं, हे वर्षभर एकदाही विचारलं नाही.