सातबाऱ्यावरची आई

आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत एकाच गटाचे दोन सातबारे आहेत. पहिल्यावर भोगवटादार म्हणून एकट्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव. दुसऱ्यावर अण्णांच्या नावाखाली आईचं. दोन्ही कागदांत सात वर्षांचं अंतर आहे. त्या सात वर्षांची ही हकिगत.

नोव्हेंबर 1986. मी चौदा वर्षांची होते. आमच्या निफाड तालुक्यात तेव्हा पोळ कांदा काढणीला आलेला असतो आणि उन्हाळ कांद्याची रोपं जपायची असतात. अशा ऐन गर्दीत गावातल्या तीसेक बाया ट्रकमध्ये बसून चांदवडला निघाल्या. फडक्यात भाकरी, लसणाची चटणी आणि एकेक कांदा. आई आजवर घराबाहेर पडली होती ती माहेरी, बाजाराला, नाहीतर वणीच्या गडावर. सभेसाठी गाव सोडण्याची ही तिची पहिलीच वेळ. मला तिनं सोबत घेतलं. दोन दिवस गोठ्यातलं शेणपाणी अण्णांनी केलं.

9 आणि 10 नोव्हेंबरला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. बायकांची संख्या लाखाच्या वर होती. बोलावणं शेतकरी संघटनेचं होतं. स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघातली नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले, त्यातून ही संघटना उभी राहिली. 1980 च्या कांदा आणि उसाच्या आंदोलनात नाशिक जिल्ह्यातल्या बाया रस्त्यावर बसल्या होत्या, तुरुंगातही गेल्या होत्या. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ होती.

चांदवडनं या घोषणेलाच प्रश्न विचारला: घाम कोणाचा? संघटना शेतमालाचा उत्पादनखर्च मांडायला शिकवत होती. बियाणं, खत, पाणी, बैल, मजुरी, सगळं त्यात धरायचं. पण घरच्या बाईची निंदणी, रोपांची लावणी, कांद्याची पात कापणं, चाळीत निवड करणं, पहाटेचं पाणी आणि रात्रीचा चुलीपुढचा धूर कुठल्या रकान्यात लिहायचा? सरकार शेतकऱ्याला लुटतं हे खरं असेल, तर शेतकऱ्याच्या घरात कोण कोणाला लुटतं? अधिवेशनाआधी शिबिरं घेऊन बायकांनाच बोलतं केलं होतं, म्हणून हा प्रश्न वरून लादल्यासारखा वाटला नाही. मांडवात तो ऐकताना आईनं मान हलवली नाही, टाळी वाजवली नाही. परतताना ट्रकमध्ये ती शेजारच्या काकूंना एवढंच म्हणाली, “आपला रोज कुणी धरलाच नाही गं.”

चांदवडला आणखी एक निर्धार झाला. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या सगळ्या जागांवर बायकांनीच उभं राहायचं. सरकारनं त्या निवडणुका लांबणीवर टाकल्या. तरी पुढे काही गावांत ग्रामपंचायतीसाठी बायकांची अख्खी पॅनेलं उभी राहिली आणि निवडूनही आली. यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा त्यातलं एक. 73 वी घटनादुरुस्ती आणि तिच्यातलं एक तृतीयांश आरक्षण त्यानंतर आलं. बायकांना राजकारण जमतं का, या चर्चेचं उत्तर खेड्यांनी कायद्याच्या आधीच देऊन ठेवलं होतं.

माझ्या घरात मात्र बदल आला तो लक्ष्मीमुक्तीनं. 1989 मध्ये अमरावतीच्या अधिवेशनात ही कल्पना पुढे आली. शेतकरी सरकारकडे कर्जमुक्ती मागतो, पण त्याच्यावर आणखी एक कर्ज आहे, घरच्या लक्ष्मीचं. ते फेडायचं तर तिच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्यायची. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं, ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर व्हायचं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला 127 बायकांच्या नावे जमीन झाली. संघटना सांगते की एकूण दोन लाखांवर बायकांची नावं अशी लागली. 1992 मध्ये शासनानंही परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला, की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागायचं.

जोशी सभांमधून सीतेची गोष्ट सांगायचे. राजाची मुलगी, राजाची सून, पण रानात सोडली तेव्हा पाय टेकायला तिच्या हक्काची जमीन नव्हती. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे. लेकरांसाठी गहू मागायला आलेल्या सीतेला गावानं नकार दिला आणि तिच्या शापानं तिथे गहू उगवेनासा झाला, असं लोक सांगतात. ते पडकं देऊळ पुढे जोशींनी नीट करून घेतलं. आईनं अयोध्या पाहिली नव्हती, पण रावेरीची सीता तिला तिच्याच वयाची वाटे.

अण्णांनी अर्ज 1993 मध्ये दिला. आमच्या तलाठ्यानं तो चार महिने बाजूला ठेवला. “घरात भांडण लावून घेता का?” असं तो अण्णांना विचारायचा. फेरफार मंजूर झाला त्या दिवशी आईनं उतारा हातात धरून मला नाव तीनदा वाचायला लावलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानंतर घरात एवढाच फरक पडला, की गट विकायचा विषय निघाला तर अण्णा म्हणायचे, “तिला विचारा.” मला तो फरक फार मोठा वाटतो.

या चळवळीची मर्यादाही मी माझ्या गावात पाहिली. आमच्याच बांधावर निंदणीला येणाऱ्या बायकांच्या नवऱ्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. त्यांच्या घरी लक्ष्मीमुक्ती कशाची होणार? दिंडोरी तालुक्यातून आलेल्या दादासाहेब गायकवाडांनी 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, त्यात याच राज्यात हजारो बाया तुरुंगात गेल्या. या दोन चळवळींची गाठ नीट पडली नाही. ती पडायला हवी होती.

दुसरी उणीव माझ्या स्वतःच्या हातून घडली. 1994 मध्ये महाराष्ट्रानं आणि 2005 मध्ये केंद्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा वाटा दिला. तरीही अण्णा गेल्यावर, माहेर तुटू नये म्हणून, मी भावासाठी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी धाक घातला नव्हता. चार माणसं बसली होती, चहा झाला, मी अंगठ्याइतक्या जागेत सही केली. आई बघत होती. काही बोलली नाही.

आई गेल्यावर तिच्या वाट्याच्या जमिनीसाठी तसाच कागद पुन्हा पुढे आला. या वेळी मी सही केली नाही. भावाला म्हटलं, ही जमीन आईला उशिरा मिळाली होती, ती मी सहज सोडणार नाही. तू मात्र तुझ्या वाट्यावर वहिनीचं नाव लाव. दोन दिवाळ्या तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या वर्षी त्यानं अर्ज केला. पेटीत आता तिसरा सातबारा आला आहे. त्यावर माझं नाव आहे, वहिनीचंही आहे.

सातबारा हल्ली मोबाइलवर दिसतो. आज रात्री जेवणं झाली की आपल्या घरचा काढा आणि भोगवटादारांची नावं मोठ्यानं वाचा. घरातल्या बाईचं नाव त्यात नसेल, तर लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तहसीलदारांच्या नावे करायचा असतो. आणि तो नवऱ्यानं करायचा असतो.